चौकशीचं जोडपं

नारायण पेठेतल्या वधूवर मंडळात नीरजाकडे एकच काम होतं, चौकशीचं. ते तिला शिकवायची गरज पडली नव्हती. तिच्या स्वतःच्या लग्नाला चार दिवस उरलेले असताना इस्त्रीवालीकडून तिला कळलं होतं, की नवऱ्या मुलाला नाशकात एक बायको आहे. तेव्हापासून माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते सोडून बाकी सगळं ती ऐकून घेत असे.

एकोणीसशे नव्याण्णव साल ते. स्थळांना नुसता ऊत आला होता. जो तो मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचा त्याचा व्हिसा 'होतच आलेला'. मुलीचे बाप आधी हरखायचे, मग धास्तावायचे आणि मंडळात यायचे. मंडळाचे चालक रंगनाथराव स्थळाचा कागद नीरजापुढे सरकवायचे. "बघून या. चेहरा आहे की नुसता रंग फासलाय."

आता एकट्या बाईला शेजारपाजार दारातूनच वाटेला लावतो. पण "इथे एखादा ब्लॉक भाड्यानं आहे का हो?" असं विचारत नवराबायको आले, की शेजारीण चहा टाकते आणि तो उकळेपर्यंत मजल्यावरच्या साऱ्या घरांचं पोट उघडं करते. म्हणून नीरजाला नवरा लागायचा.

तो होता दिगंबर. परभणीकडचा, अडतिशीतला, बुधवार पेठेतल्या दुकानात कॉम्प्युटर जोडणारा. मंडळाचं मशीन दुरुस्त करायला आला आणि नीरजाचा मित्र होऊन बसला, त्याला पाच वर्षं झाली होती. जिना चढेपर्यंत दोघांचं अरे-तुरे चालायचं. बेल वाजली, की जशी नाटकाची तिसरी घंटाच!

"अहो, स्वयंपाकघर जरा अंधारं नाही वाटत?"

"हिला माहेर सोडून सगळंच अंधारं वाटतं."

शेजारीण खुदकन हसायची आणि मुलाची दारू, उधळेपणा, आईचा तोरा, सगळं बाहेर यायचं. मुलगाच भेटला तर दिगंबर त्याला मशीनबद्दल दोन प्रश्न विचारी आणि खाली येऊन निकाल देई. "हा प्रोग्राम लिहीत नाही गं. लिहिणाऱ्यांची हजेरी मांडतो."

खाली उतरताना शेवटच्या पायरीवर तो तिला हात द्यायचा. तिथे बघायला कोणी नसायचं. नीरजाला तो हात आवडायचा, आणि आवडला की तिच्या मनात पाल चुकचुकायची. जो माणूस खोटा संसार इतका बेमालूम वठवतो, त्याचं खरं कुठलं समजायचं?

एका सोमवारी रंगनाथरावांनी कागद सरकवला. "साताऱ्याच्या बापूरावांनी मुलीसाठी विचारलंय. मुलगा सदाशिव पेठेतच आहे. मात्र या वेळी नवरा बरोबर नेता यायचा नाही तुम्हाला."

कागदावर नाव होतं, दिगंबर वैजनाथ मुळे. स्थळ त्याच्या बहिणीनं दिलेलं.

नीरजानं ते नाव दोनदा वाचलं. काल रविवारी हाच गृहस्थ कोथरूडच्या एका गच्चीत "आमच्या हिला तुळस लावायचीय" म्हणत होता. येताना अख्खी वाट हवापाण्यावर बोलला. लग्नाचं अवाक्षर नाही! नाशिकवालाही असाच गोड बोलायचा.

ती तडक त्याच्या गल्लीत गेली. किराणावाला म्हणाला, "देवमाणूस." असं म्हणणाऱ्यांवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. घरमालकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळ्या चष्म्याआडून ते म्हणाले, "वागायला सज्जन आहे. पण स्थळ म्हणून विचारत असाल, तर पुढे जाऊ नका. एक बाई आहे."

"कोण बाई?"

"मी नावं विचारत नाही. खानावळवाल्या यमुनाबाईंना विचारा. त्या काहीच सोडत नाहीत."

खानावळीपर्यंतच्या चाळीस पावलांत नीरजानं त्या बाईला उंच केलं, गोरी केलं, लांब केसांची केलं. यमुनाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली आणि लाटणं थांबलं.

"अगं बाई! तू दिगंबरची बायको ना?"

"मी?"

"नोकरीपायी माहेरी राहतेस ती. त्याला कावीळ झाली होती, तेव्हा मऊ भात घेऊन आली होतीस. मी विचारलं, कोण रे ही? तर म्हणाला, बायको. चार वर्षं झाली की गं! आता तरी एकत्र राहा."

तिथे ना कुणाची चौकशी होती, ना कुठला ब्लॉक. मग हा प्रयोग कुणासाठी? आणि आता अहवालात काय लिहायचं? 'बाई आहे' लिहावं तर स्थळ मोडणार, आणि मोडलेलं तिला हवंच होतं. 'नाही' लिहावं तर तो कायमचा सातारकरांचा जावई. पाच वर्षांत पहिल्यांदाच नीरजाला चौकशी करणारीचा संशय आला.

भर दुपारी ती बुधवार पेठेतल्या दुकानात पोचली. दिगंबर एका उघड्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होता.

"तुझं स्थळ आलंय माझ्याकडे. मुलगी बी.एड. आहे."

"ताईनं परस्पर दिलं असणार. मी नाही म्हटलं होतं."

"का नाही म्हटलंस?"

"हे मंडळ विचारतंय की तू?"

"यमुनाबाईंना काय सांगितलंस तू?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "लोक तुला नावं ठेवतील म्हणून सांगितलं तेव्हा."

म्हणजे एवढंच होतं तर. नीरजानं पर्स उचलली.

"मग खोडायला हवं होतं," तो म्हणाला. "नाही खोडलं. यमुनाबाई रोज विचारतात, बायको कशी आहे. मी सांगतो, सर्दी झालीय, रंगनाथरावांवर चिडलीय, चष्मा हरवलाय. त्यातलं एकही खोटं नसतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, काय छान वठवतोस रे!"

ती हेच म्हणाली असती. तिनं पर्स परत खाली ठेवली. मग तिनं दुकानातला फोन ओढला आणि कागदावरचा साताऱ्याचा नंबर फिरवला.

"बापूराव, मंडळातून बोलतेय. मुलगा चांगला आहे. पण मुलीला आशा लावू नका. त्याचं दुसरीकडे आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

"आणि तुम्ही मानलंत? तुमचं नाव ऐकून आलो होतो हो आम्ही! ती दुसरी कोण, ते तरी बघितलंत का?"

"मीच आहे ती."

बापूरावांचा आवाज चढला. "म्हणजे नवरीही तुम्ही आणि चौकशीही तुमचीच? धन्य आहे पुण्याची!" फोन आपटला गेला.

दिगंबरच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"दात काढू नकोस," नीरजा म्हणाली. "मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारी ताईंना बोलावून घे. मला त्यांना पुष्कळ विचारायचंय."

"विचार ना. चहा मी टाकतो."

"तू बाहेर थांबायचंस," ती म्हणाली, आणि स्टुलावरच्या वायरी बाजूला सारून तिथे बसली.