टोपलीखालची मरळ

उन्हाळ्यात तलाव आटला का आमचं सारं गाव एकाच दिवशी मासे धराले उतरे. त्या दिवशी भेटले तेच वाळवून पावसाळाभर खायचे. त्या साली घरधनी बांबू तोडाले जंगलात गेलते, म्हणून माशावर दाबून वरून हात घालाची बिनबुडाची टोपली घेऊन मीच निघाली. संगं दोन पोरं, सहा न् चार वर्षांचे.

शेजारचे भाऊ म्हणे, "काऊन व बाई, मासे धरतं का पोरं सांभाळतं?"

"दोन्ही करतो," मी म्हटलं.

दुपारपर्यंत नुसता चिखलच दाबला. मंग मोठ्या पोरानं टोपली दाबली अन् खालून असा धक्का बसला का तो आडवाच झाला. टोपली उचलली असती त मासा गेला असता. मी लहान्याले उचलून सीधा टोपलीच्या काठावर बसवलं.

तो म्हणे, "माय, हे मले चावते का?"

"तुले नाई, मले चावन," म्हणत मी वरून खांद्यापर्यंत हात घातला अन् हाताएवढी मरळ बाहेर काढली.

भाऊ पाह्यतच राह्यले. पोरायनं मरळ काठीले बांधून खांद्यावर घेतली. घर तलावाच्या पाळीलेच लागून होतं, पण मी त्यायले साऱ्या गावातून फिरवून आणलं.