अर्ध्यावर सुटलेला सबक

कल्याणात काळ्या तलावाच्या अंगाला रुकय्याबी मुल्लाणीचं घर होतं. आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भात अजून खाडीनंच ठाण्याकडे जायचं, आणि तिच्या नवऱ्याचा, इस्माईलचा, भाताचा मचवा होता. सकाळी मोहल्ल्यातल्या मुली फडक्यात गुंडाळलेलं कुराण छातीशी धरून यायच्या, पडवीत बसायच्या आणि तिच्या पाठोपाठ म्हणायच्या. "आमची रुकय्याबींकडे शिकलीय" एवढं सांगितलं की सोयरिकीच्या बैठकीत पुढचं बोलणं सोपं व्हायचं. रुकय्याचा गळाच तसा होता. ती वाचू लागली की हातातलं काम टाकून बायका ऐकत राहायच्या.

आपलं शिक्षण अर्धंच आहे, हे फक्त रुकय्याला ठाऊक होतं.

तिचं माहेर ठाण्याचं. तिथं शरीफाबी नावाच्या बाईकडे ती तजवीद शिकायला जायची. कुराणातला कुठला हर्फ, म्हणजे अक्षर, घशातल्या, जिभेवरच्या की ओठांच्या कुठल्या जागेवरून काढायचा, कुठं थांबायचं, कुठं लांबवायचं, त्याचे ते नियम. शरीफाबींचे वडील मक्केत राहून शिकून आलेले, आणि बाईही तशाच कडक. मुलीच्या गळ्याला बोटं लावून सगळी सकाळ एकच हर्फ म्हणून घ्यायच्या. अरबीत दोन ह आहेत, एक घशाच्या अगदी तळातून येणारा आणि एक घशाच्या मधून घासून निघणारा. रुकय्याच्या तोंडून दोन्ही एकसारखेच, आपल्या बोलीतल्या ह सारखे यायचे. तिला कंटाळा यायचा. तिला सूर लावून वाचायचं असायचं.

"आवाज तुला अल्लानं दिलाय," शरीफाबी म्हणायच्या. "हर्फ मात्र तुझे तुला कमवावे लागतील. ते हातात येईपर्यंत कुणाला शिकवायला बसू नकोस."

मग लग्न ठरलं आणि सबक तिथंच सुटला. कल्याणला आल्यावर सासूनं शेजारणी गोळा करून नव्या सुनेला वाचायला लावलं. बायकांचे डोळे पाणावले. एकीनं विचारलं, "तजवीद पुरी केलीस ना?" सासू कौतुकानं बघत होती. रुकय्यानं होय म्हणून मान हलवली.

त्या मान हलवण्यातून सगळं पुढचं झालं. मुली येऊ लागल्या. पुढच्या खेपेला माहेरी गेले की राहिलेलं पुरं करीन, असं ती मनाशी म्हणायची. पण मग मुलं झाली, सासूचं आजारपण आलं, आणि एकदा सगळा मोहल्ला उस्तादबी म्हणू लागल्यावर पुन्हा शिकायला कुणासमोर कसं बसायचं? जुलेखा नावाच्या एका चुणचुणीत मुलीनं एकदा विचारलं होतं, "उस्तादबी, हे दोन हर्फ लिहायला वेगळे, मग म्हणायला सारखे कसे?" रुकय्यानं तिला गप्प केलं. "मोठी झालीस की कळेल," म्हणाली.

जुलेखा पुढे भिवंडीला, मशिदीत जुम्याचं प्रवचन देणाऱ्या एका खतिबाच्या घरात दिली. पहिल्याच रमजानानंतर तिची आई रुकय्याकडे आली. बसली, आणि पदराचं टोक चाळवत राहिली.

"माफी मागायला आलेय," शेवटी ती म्हणाली. "पोरीनं तुमचं नाव घालवलं."

झालं होतं असं. बायकांच्या बैठकीत जुलेखानं कुराणातला सगळ्यात लहान सूरा, तीनच ओळींचा अध्याय, वाचला, अगदी पोरांना पहिल्यांदा शिकवतात तो. तिच्या चुलतसासूनं, हजहून आलेल्या बाईनं, तिला मध्येच थांबवलं. "कुर्बानी कर, असं आहे तिथं. तू दुसराच ह लावतेस, त्यानं हाकलून दे, असं होतं. कुणी शिकवलं तुला?" जुलेखा म्हणाली, उस्तादबींनी बरोबर शिकवलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. तेव्हापासून तिचं बायकांत वाचणं बंद झालं होतं. घरातल्या लहान पोरींबरोबर तिला अलिफपासून बसवलं होतं.

"एवढं शिकवलंत तुम्ही, आणि तिनं असं केलं," आई म्हणाली.

सांगायची हीच वेळ होती. रुकय्यानं तिच्यापुढे सरबताचा पेला ठेवला आणि म्हणाली, "असू दे. पोर आहे." ती बाई दुवा देत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या, पण रुकय्याला तोंड उघडवेना. तिनं त्यांना परत पाठवलं आणि नवऱ्याच्या मचव्यात बसून ठाणं गाठलं.

शरीफाबी फार थकल्या होत्या. डोळे गेलेले. आवाजावरून त्यांनी ओळखलं. रुकय्यानं सगळं सांगितलं, मान हलवल्यापासून सरबताच्या पेल्यापर्यंत.

"नकळत चुकणाऱ्याला अल्ला माफ करतो," शरीफाबी म्हणाल्या. "तुला ठाऊक होतं." आणि चाचपडत त्यांनी तिच्या गळ्याला बोटं लावली. "म्हण."

रुकय्या तिथंच राहिली. जुनी सवय जाता जात नव्हती. घसा सुजायचा, बाजूला बसलेल्या लहान मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. शेवटी दोन ह वेगवेगळे निघाले, तेव्हा शरीफाबी फक्त "हं" म्हणाल्या आणि पुढच्या हर्फाकडे वळल्या.

ठाण्याहून ती आधी भिवंडीला गेली. खतिबाच्या घरात, सगळ्या बायकांसमोर तिनं सांगितलं की चूक जुलेखाची नाही, मीच चुकीचं शिकवलं, आणि चुकीचं आहे हे माहीत असून शिकवलं. चुलतसासू बघतच राहिली. जुलेखा तिला दारापर्यंत सोडायला आली.

"तुमच्यासाठी मी खोटं बोलले," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आईनं तुमची माफी मागितली. तेव्हा का नाही बोललात?"

जुलेखानं सलाम केला आणि आत गेली. त्यानंतर ती माहेरी आली की रुकय्याच्या दारावरून जायची, पण कधी आत आली नाही.

कल्याणात रुकय्या घरोघर गेली. तिच्याकडे शिकून गेलेल्या मुलींना पुन्हा बसवून हर्फ दुरुस्त करू लागली. काही हसल्या, काही म्हणाल्या, आता पोरंबाळं सांभाळू की हे? बऱ्याच आयांनी मुली काढून घेतल्या. इस्माईल वैतागला, "मिळवलेलं नाव स्वतःच्या हातानं कशाला घालवतेस?" तरी ती जात राहिली.

मैमुनाच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली. तिच्याकडेच शिकलेली मैमुना पहिल्या बाळंतपणात गेली होती. तिची आई भाकऱ्या थापत होती. रुकय्या चुलीजवळ बसली आणि का आले ते सांगितलं.

"जाताना तुम्ही शिकवलेलंच म्हणत होती," आई म्हणाली. "अल्लाला कळलं असेल तिला काय म्हणायचं होतं ते."

"कळलं असेल," रुकय्या म्हणाली. पण तिचं मन काही हलकं झालं नाही. पुढे थोड्याफार मुली परत आल्या, आणि रुकय्या मरेपर्यंत त्यांना शिकवत राहिली, फार सावकाश, एकेक हर्फ. स्वतः सूर लावून मात्र तिनं पुन्हा कधी कुणासमोर वाचलं नाही.