सुतारबाईंची साक्ष

सुतारबाई लाकूड घेताना फळी गालाला लावायच्या. लकडगंजच्या वखारीत भर दुपारी, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून एकेक फळी गालाशी धरायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाई प्रार्थना करताहेत. ओलं लाकूड गालाला गार लागतं, एवढीच त्यातली मेख. हातांना ते कळत नाही, काम करून करून हात निबर झालेले असतात. गार लागलेली फळी त्या मुकाट्याने बाजूला ठेवत. मग वखारवाल्याने कितीही गोड बोलून पाहिलं तरी ती फळी त्या पुन्हा उचलत नसत.

त्यांचं खरं नाव मार्था, पण नागपूरच्या सदर भागात कोणी ते घेत नसे. नवरा सुतारकाम करायचा, पदरी मूलबाळ नव्हतं. नवरा तापाने गेला तेव्हा चर्चच्या पंचांनी सल्ला दिला, हत्यारं विकून टाका आणि मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरा. महिनाभर नवऱ्याचा कारखाना बंद राहिला. मग एका सकाळी त्याचं दार उघडून बाईंनी रंधा उचलला आणि डोमाजी मिस्त्रींना म्हणाल्या, "मले शिकवा." डोमाजी नवऱ्याच्या वेळचे कारागीर. ते म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नाही. बाई म्हणाल्या, "देवाचा लेक सुताराच्या घरी वाढला, डोमाजी. त्या घरात त्याची मायही होतीच ना? तिनं कधी रंधा उचलला नसन काय?" डोमाजी पक्के विठ्ठलभक्त, त्यांना येशूच्या घराची फारशी माहिती नव्हती. पण मायचं नाव निघाल्यावर नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी शिकवायला घेतलं, असं ते स्वतःच हसत सांगत.

मी त्यांच्याकडे आले ती सत्तर सालाच्या आसपास, बाविसाव्या वर्षी. वडिलांचं गिरणीतलं काम सुटलं होतं, पाठीवर तीन बहिणी. बाईंकडे तेव्हा सहा बायका कामाला होत्या, पॉलिश करायला आणि खुर्च्यांचा वेत विणायला. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी बाई रंधा मारायच्या मेजावर हात ठेवून दोन मिनिटं प्रार्थना करत. आमच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मला देवाचं वावडं, आणि जीभ तेव्हाही तिखटच. मी मुद्दाम त्याच वेळी घागर घेऊन नळावर जायची. बाई एकदाही रागावल्या नाहीत. म्हणायच्या, "जाय वं कमल, तू पाणी आण. तोवर मी त्याच्याशी बोलून घेतो."

लाकूड आणलं की लगेच कापायचं नाही, हा त्यांचा नियम. मागच्या अंगणात फळ्यांच्या मधे पट्ट्या ठेवून थप्पी रचायची आणि अख्खा एक उन्हाळा ती तशीच राहू द्यायची. "नागपूरचा उन्हाळा खाऊ दे त्याले," त्या म्हणायच्या. "इथं टिकलं ते कुठंही टिकते." आमच्यापैकी कोणी घाईने काम बिघडवलं की तिलाही तेच ऐकावं लागे, "तुले अजून एक उन्हाळा पाहिजे." मला हे फार वेळा ऐकावं लागलं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. एका नव्या मुलींच्या शाळेचं काम आलं, जूनपर्यंत शंभर बाक हवे होते. हे नीट पार पडलं तर शाळेच्या दुसऱ्या इमारतीचंही काम आमचंच, आणि मग सहाच्या जागी बारा बायकांना काम देता आलं असतं. बाईंच्या मनात ते फार होतं. देवाने आपल्याला कारखाना दिला तो याचसाठी, असं त्या मानत. पण अंगणात वाळलेलं लाकूड तीस बाकांपुरतंच होतं. बाकीचं नुकतंच जंगलातून उतरलेलं सागवान. त्या दिवशी बाईंनी प्रार्थना फार वेळ केली. उठल्या तेव्हा चेहरा शांत होता. म्हणाल्या, "घेऊन टाकू. त्यानं दार उघडलं आहे." डोमाजींनी ओल्या फळीवर बोट फिरवलं आणि ते धोतराला पुसलं.

पॉलिश माझ्याकडे होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, कापसाच्या बोळ्याने घासायचा, तीनचार हात द्यायचे, की सागवान आरशासारखं चमकतं. त्या बाकांवर माझा पहिला हात दुधाळ पडला. लाकडात ओल असली की असं होतं, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. मी आणखी हात मारले, पांढरं झाकून टाकलं. कोणालाच बोलले नाही. काम थांबलं तर मजुरी थांबणार होती, आणि घरी तीन बहिणी होत्या.

बाक वेळेत गेले. मुख्याध्यापिका खूश झाल्या. पावसाळाभर सगळं ठीक होतं आणि दिवाळीच्या सुमाराला चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार आला. त्या दिवशी लोक उभे राहून साक्ष देतात, म्हणजे वर्षभरात देवाने आपलं कसं भलं केलं ते चारचौघांत सांगतात. पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, सुतारबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. ज्या पंचांनी हत्यारं विकायला सांगितलं होतं तेच आता पुढच्या रांगेत कौतुकाने बसले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच चर्चच्या. नंतर जेवण होतं, म्हणून आम्हा सहाजणींनाही बाईंनी बोलावलं होतं. आम्ही मागच्या बाकावर.

बाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "शाळेचे सत्तर बाक ओल्या लाकडाचे आहेत. मले माहीत होतं. मी देवाले विचारलं नाही, मी त्याले सांगतलं, आणि तो गप्प राहिला ते मी हो समजली. उन्हाळा आला का ते बाक उकलतीन. एकेक करून सगळे बदलून देईन. एवढीच माझी साक्ष." आणि खाली बसल्या. अजून एकाही बाकाला चीर पडली नव्हती. उपकारस्तुतीच्या दिवशी असं बोलायची रीत नाही. एका पंचाने नंतर त्यांना बाजूला घेऊन समजावलं की हे घरी बोलायचं होतं. बाई म्हणाल्या, "माझं नाव तर तुम्ही इथंच वाढवून राहिले होते ना."

शाळेचं पुढचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. मी कारखान्यात पोचले ती भांडायलाच. सगळ्यांदेखत बाईंना म्हणाले, "तुमचा देव तुम्हाले माफ करन. आमच्या घरची चूल कोण पेटवन?" हातातला रंधा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुझं खरं आहे, कमल. याचं उत्तर माझ्यापाशी नाही." मला त्यांनी उलटून बोलायला हवं होतं. मी ओलं लाकूड झाकलं होतं आणि मीच आवाज चढवत होते, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. बाईंनी राहत्या घराची पुढची खोली भाड्याने दिली आणि मागच्या पडवीत राहिल्या. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून दारोदार फिरून तुटक्या वेताच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आल्या, पण आमच्यापैकी एकीलाही घरी बसवलं नाही. बाक मात्र वाळलेल्या लाकडाचेच करायचे, म्हणून एका उन्हाळ्याला जेवढं लाकूड वाळेल तेवढेच बदलून होत. उरलेल्यांचे उकललेले सांधे डोमाजी जाऊन आवळून येत. मग हळूहळू गोष्ट फिरली. कोणी न विचारता आपला दोष सांगणारी सुतारीण नागपुरात आहे, हे वर्धा-भंडाऱ्यापर्यंत गेलं. लोक काम घेऊन येऊ लागले. सहाच्या चौदाजणी झाल्या. पंच पुन्हा पुढच्या रांगेत कौतुकाने बसू लागले. बाईंनी परत कधी साक्ष दिली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात मी रोज जात असे. हात वाळून काडी झाले होते. एके दिवशी त्यांनी विचारलं, "किती बाक राहिले?" मी म्हटलं, "बारा." म्हणाल्या, "लाकूड तयार आहे. फक्त घाई नका करजा." तेव्हा मला सांगायचं होतं, की बाई, तो पहिला हात दुधाळ पडला होता. मी शब्द जुळवत राहिले. त्यांनी डोळे मिटले, आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते. चार दिवसांनी त्या गेल्या.

शेवटचे बारा बाक आम्ही बायकांनी आणि डोमाजींनी मिळून केले. हातगाडीवर घालून शाळेत नेले. मुख्याध्यापिका आता दुसऱ्या होत्या, बाक बदलून द्यायचे एवढंच त्यांना ठाऊक होतं, का ते नाही. त्या म्हणाल्या, "हे कशाला आणलेत? जुने चांगले चाललेत की. आणि तुमच्या बाई तर वारल्या ना? आता कोण विचारणार आहे?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. समोरचा वर्ग भरलेला होता, पोरी कान देऊन ऐकत होत्या.

"जुने ओल्या लाकडाचे आहेत, मॅडम," मी म्हणाले. "पॉलिश मी केलं होतं. मलेही माहीत होतं."