पंपाचं नाक

पंपाजवळ गेले की मिस्त्री आधी खाली वाकायचे. गेजकडे बघणं नाही, आवाज ऐकणं नाही, थेट पंपाच्या पोटाखाली बोट घालायचे. तिथे करंगळीएवढं एक भोक असतं. बोट बाहेर काढून ते अंगठ्यावर चोळायचे, वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "नाक वाहतंय. औषध बघा."

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं होऊन गेली होती. माझ्याकडे डिप्लोमा होता. त्यांच्याकडे दुधनीच्या शाळेतली सातवी होती, तीही कन्नडमधून. पहिल्याच आठवड्यात रंगखात्यातल्या पंपाखाली थेंब पडताना बघून मी त्यांना झापलं. एवढं गळतंय आणि तुम्हाला दिसत नाही? त्यांनी मला हाताला धरून पंपाशेजारी उकिडवं बसवलं.

"सर, म्होरं पाणी हाय, मागं बेअरिंग हाय, मधी सील. सील थकलं की पाणी मागं सरकतंय. बेअरिंगला शिवायच्या आत ते हितनं भायेर पडावं म्हणून ह्ये भोक ठेवलंय. गळतंय ते सील, भोक न्हाय. नोड्री, बघा की नीट."

डिप्लोम्याला हे शिकवलं असणारच. मी नेमका त्या दिवशी गैरहजर असणार.

मग मी त्यांच्या मागे मागे बोट घालत हिंडू लागलो. त्या भोकातून काय येतं यावरून ते पंपाची कुंडली मांडायचे. नवं सील बसवल्यावर पहिल्या दिवशी चार स्वच्छ थेंब पडले तर काळजी नाही, सील जागा धरतंय. भोकाच्या कडेला पांढरी खरपुडी धरली असेल तर गळती जुनी आहे. आपल्या सोलापूरच्या जड पाण्याचा क्षार वाळून बसलाय आणि इतके दिवस कुणी बघितलेलं नाही. काळं, चिकट काही आलं तर ग्रीस चाललंय. आणि तांबडं आलं तर बेअरिंग गंजतंय, बोलायचं थांबून पंप बंद करायचा. एकदा त्यांनी बोट चोळून ऑपरेटरला विचारलं, "कोरडा कवा चालवला?" तो शपथेवर नाही म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "पाण्याबिगर फिरलं की सील जळतंय, बाबा. तुझ्यापरीस पंप खरं बोलतोय." तो पुढे दोन दिवस त्यांच्या समोर आला नाही.

माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरोघरी मोटार ही असतेच. बायको म्हणाली, "बसा, चहा टाकते." मिस्त्री म्हणाले, "चहा पळून जात न्हाय वैनी, आदी मोटार बघू." मोटारीच्या खालच्या फटीत बायकोनं फडकं कोंबलं होतं. मिस्त्रींनी ते उपसून काढलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग चहा घेतला, दोन कप.

तुम्हीही असा माणूस कुठेतरी पाहिला असेल. सोबत काम करताना डोक्याला ताप असतो आणि आठवायला बसलं की त्याच्याशिवाय कुणी आठवत नाही.

एकदा टॉवेल घेणारे परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते. मॅनेजरसाहेबांनी सगळीकडे रंग मारून घेतला, कुंड्या आणल्या आणि फिरत फिरत रंगखात्यात आले. पंप ठिबकत होता.

"मिस्त्री, ते भोक बुजवून टाका."

"सील बदलतो की साहेब. अर्धा दिवस पंप बंद द्या."

"बंद देता येणार नाही. माल निघायचाय."

"मग गळू द्या."

"पाहुण्यांसमोर?"

"त्यांच्या मुलकात बी पंप असतील की."

साहेबांचा आवाज चढला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, असं काहीतरी ते बोलून गेले. मिस्त्री म्हणाले, "हितं नाक दाबलं तर तोंड न्हाय उघडत, बेअरिंग जातंय." साहेब म्हणाले, हा हुकूम आहे. त्यावर मिस्त्रींनी एकच शब्द काढला, "इल्ल." कन्नड न कळणाऱ्यालाही ते 'नाही' कळलं. मग त्यांनी भोकाखाली एक डबा ठेवला आणि भाचीच्या लग्नासाठी आधीच मंजूर झालेल्या रजेवर दुधनीला निघून गेले.

भोक मी बुजवलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि मी पुट्टी मळून, अंगठ्यानं दाबून ते बंद केलं. मला सगळं माहीत होतं, तरी केलं. पाहुणे आले, कोरड्या फरशीचे फोटो काढून गेले. मी पुट्टी काढायला निघालो तर साहेब म्हणाले, "राहू दे की, छान दिसतंय." मी ती राहू दिली.

आठव्या दिवशी पंप ओरडला आणि जाम झाला. रंगवलेल्या टॉवेलांची अख्खी खेप पाण्याविना अर्धवट धुतली जाऊन डागाळली. त्याच सकाळी मिस्त्री रजेवरून परतले. त्यांनी पंप उघडला. बेअरिंगच्या गोळ्या गंजून लाल झाल्या होत्या आणि पाणी मिसळून ग्रीसचं ताक झालं होतं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं भोकातली पुट्टी काढली. ती अख्खी निघाली, वर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशावर आडवी रेघ. माझ्या अंगठ्यावर पत्र्यानं कापल्याचा जुना व्रण आहे. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि तो गोळा माझ्या तळव्यावर ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी ऑफिसात कागद तयार होता. पंप नादुरुस्त ठेवून रजेवर गेल्यामुळे नुकसान झालं, चूक मिस्त्रींची. साहेब म्हणाले, "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"न्हाय येत. पर खोट्याखाली सही न्हाय करनार."

मी शेजारी उभा होतो. माझं नाव त्यांच्या ओठावर असणार, पण ते बाहेर आलं नाही. बावीस वर्षांची नोकरी जात होती आणि हा माणूस माझी लाज राखत होता. मला ते सहन झालं नाही. मी खिशातला गोळा काढून त्या कागदावर ठेवला. म्हटलं, "अंगठा माझा आहे. हुकूम तुमचा होता."

साहेबांनी गोळा बोटानं बाजूला सारला. मग कागद फाडून म्हणाले, "ठीक आहे. पंप जुना होता असं लिहू. मिस्त्री, उद्या कामाला या."

गोष्ट इथे मिटली असती. पण मिस्त्री म्हणाले, "येतो. आदी लिवून द्या, भोक बुजवायचं न्हाय. खाली तुमची सही."

"कारखाना मी चालवतो की तुम्ही?"

"कारखाना तुमीच चालवा. पंप मी चालवतो."

साहेबांनी लिहून दिलं नाही. मिस्त्रींनी दोन दिवस बसून पंपाला नवं सील, नवं बेअरिंग घातलं, भोक तारेनं साफ केलं, पंप चालू करून बोट घातलं. मग लाल रंगाचा डबा आणून पंपामागच्या भिंतीवर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहिलं, 'हे भोक बुजवू नये.' हात धुतले, नोकरी सोडली आणि गावी जायला अक्कलकोटच्या गाडीला बसले. मी स्टँडपर्यंत गेलो होतो. तुम्ही चुकताय, असं मी त्यांना वाटेत तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "आसंल."

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्यांच्याशी माझं भांडण अर्धवट राहिलं आहे.

भिंतीवरच्या अक्षरांवर साहेबांनी तीनदा चुना मारून घेतला. तीनदा मी ती पुन्हा लिहिली. मराठी माझ्या हातानं आणि कन्नड मोबाइलमधल्या फोटोवरून गिरवून. माझी बढती अडली आहे, ती अडू दे. परवा नवे पाहुणे येणार म्हणून चौथ्यांदा चुना लागला. तो वाळल्याबरोबर मी डबा घेऊन बसलो, दोन्ही ओळी काढल्या आणि या वेळी त्यांच्याखाली माझं पूर्ण नाव हुद्द्यासकट लिहिलं.

साहेब आले आणि लांबूनच ओरडले, "हे कुणी लिहिलंय?"

म्हटलं, "जवळ या. खाली नाव आहे."