इस्त्रीचा डाग

हिरामणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीवर होतो. रोवणी संपत आली होती, बाया शेवटच्या बांधीत उतरल्या होत्या आणि वहिनी फोनवर म्हणत होत्या, "भाऊजी, तुमचे दादा गेले जी..." सख्खा नसला तरी चुलतभाऊ, एका ताटात जेवलेला. माणसाला अशा वेळी आधी रडू यावं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ते मेज शोधणारं कोणी उरलं नाही, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. सात आठवडे झाले, तो विचार मी धुऊन पुसून चांगला करायला पाहतो आहे. होत नाही. म्हणून जसा आला तसा लिहून टाकतो.

ज्याला इंग्रजीत सेक्रेटरी डेस्क म्हणतात, त्याला आमच्या घरी साहेबी मेज म्हणत. नवेगाव बांधाजवळच्या बंगल्यातला एक जंगल साहेब बदलून गेला तेव्हा आमच्या आज्यानं ते घेतलं आणि बैलगाडीवर घालून आणलं. खाली तीन खण, वर तिरका पल्ला. पल्ला खाली पाडला की तोच लिहायचा फळा होतो आणि आत कागदपत्रांचे छोटे छोटे कप्पे दिसतात. फक्त पल्ला पाडण्याआधी दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्या बाहेर ओढाव्या लागतात. त्यांच्यावरच पल्ला टेकतो. विसरलात तर बिजागऱ्या उखडल्याच म्हणून समजा. आम्ही सगळे विसरायचो आणि दादा ओरडायचा, "आंधी पट्ट्या वढा ना बे!" बिजागऱ्या उखडल्या की दुरुस्तीही तोच करायचा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यानं पहिला स्क्रू पिळला तो त्या मेजाचा.

मी नऊ वर्षांचा असताना शाळेचा सदरा घालायचा म्हणून कोळशाची इस्त्री त्या पल्ल्यावर ठेवली आणि खेळायला पळालो. परत आलो तेव्हा पल्ल्यावर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग उठला होता आणि आजा बेशरमाची काडी घेऊन उभा होता. "कोनं केलं?" दादा म्हणाला, "मी." पाठ फुटेस्तोवर मार खाल्ला. नंतर मला एवढंच विचारलं, "तुहा हात तं नाही भाजला ना?" लोक म्हणतात, उपकार करणाऱ्याला माणूस विसरत नाही. खरं आहे. मीही विसरलो नाही, आणि त्या दिवसापासून मला तो मनातून आवडेनासा झाला. ज्याच्यापुढं आपण लहान ठरलो त्याचं तोंड रोज पाहायचं म्हणजे शिक्षाच असते.

मी मास्तर झालो, तो सुतार. घरच्यांनी त्याला कमी छळलं नाही. जमीनजुमला असलेल्या पोवाराच्या पोरानं रंदा मारावा, हे कोणालाच सहन होत नव्हतं. लग्नात पंगतीला बसला की कोणीतरी विचारायचंच, "काय रे, पाट डुगडुगते का? पाय तं पाह्य एकदा." सगळे हसायचे. मीही हसायचो, जरा जास्तच मोठ्यानं. पुढं घराची वाटणी झाली. सामानाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि साहेबी मेज माझ्या चिठ्ठीत निघालं. मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण चिठ्ठी उघडताना दादाचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, हे आता सोडायचं नाही.

गोंदियात त्यानं दुकान टाकलं तरी दर दिवाळीआधी गावी यायचा, मेजाला तेल लावायचा, पट्ट्यांना मेण चोळायचा आणि जाताना विचारायचा, "मले देतं का? त्याच्या बदल्यात सागवानाचा पलंग करून देतो." मी म्हणायचो, "पाहू पुढच्या साली." असं किती वर्षं केलं ते सांगायला लाज वाटते. मेजावर मी मिक्सर ठेवला, मग टीव्हीचा डबा. एका दिवाळीला तो तेलाची बाटली घेऊन दारात उभा राहिला आणि मी म्हणालो, "विकलं. रायपूरचा व्यापारी घेऊन गेला." मेज तेव्हा मागच्या खोलीत, धानाच्या बियाण्याच्या पोत्यांखाली होतं.

मला वाटलं होतं भांडेल, शिव्या देईल. मला तेच हवं होतं. तो बाटलीचं झाकण लावत राहिला, मग म्हणाला, "आंधी पट्ट्या वढा लागते म्हून सांगतलं का त्याले?"

मी म्हणालो, "सांगितलं."

त्यानंतर दादा रायपूरला गेला. मग जबलपूर, मग कामठी. जुन्या सामानाची गोदामं धुंडाळू लागला. कुठं तसं मेज दिसलं की पल्ला पाडून आधी डाग बघायचा. डाग नसला तरी मोडक्या मेजाला तसं टाकून येणं त्याच्यानं होत नसे. आणायचा, दुरुस्त करायचा, नवं घर बांधणारे नागपूरचे लोक हौसेनं न्यायचे. 'जुन्या मेजांचा माणूस' म्हणून नाव झालं त्याचं. मला मात्र प्रत्येक वेळी फोन यायचा. "एक भेटलं बे. पन ते नोहे." मी चहा पीत म्हणायचो, "शोध, भेटंल." आणि फोन ठेवल्यावर मागच्या खोलीच्या कुलपाकडं पाहायचो. मला बरं वाटायचं. हे वाक्य खोडावं असं चारदा वाटलं, पण तेच खरं आहे.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. नाकाला नळी, हात काटक्या झालेले. मला पाहून उठायला लागला. "बालाघाटले एक हाये म्हन्ते... पल्ल्यावर डाग हाये म्हन्ते. बरा झालो का जातो." तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "बरा हो, दोघं जाऊ." त्यानं माझा हात दाबला. आठ दिवसांनी गेला.

तेरवीनंतर वहिनींनी मला दुकानात नेलं. सात मेजं ओळीनं उभी होती, सगळ्यांच्या पट्ट्या बाहेर आणि पल्ले पडलेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यातलं एखांदं तेच असंल का जी? ते म्हनत, कोनी डाग रंदून काढला असंल तं मलेबी वळखू नाही येनार. तुमी तं लहानपनी पायलं. तेवढं घरी ठेवीन, बाकीचे देऊन टाकीन." मी खिडकीजवळच्या मेजावर हात ठेवला आणि म्हणालो, "हे." वहिनींनी पल्ल्यावर डोकं टेकलं, रडल्या. मग हळद-कुंकू आणलं. तिथंच त्यांनी मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

घरी येऊन पोती हलवली. उंदरांनी एक खण कुरतडला होता, बाकी मेज धड होतं. पल्ल्याला हात घालण्याआधी माझे दोन्ही हात आपोआप पट्ट्यांकडं गेले. इतक्या वर्षांनीही त्या आवाज न करता सरकल्या, मेण त्याचंच. पल्ला पाडला, डाग आहे तिथंच होता. त्याच्यावर कागद ठेवून मी हे लिहितो आहे.

हे ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येईल ती वहिनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. त्या मेजावर त्यांनी दादाचा फोटो ठेवला आहे, रोज फूल वाहतात, हेही माहीत आहे. वहिनी, फोटो उचला जी. ते नोहे.