वादळाचे सहा शब्द
परवा ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासात पोर्तुगीज फॉर्मांचा पिवळा गठ्ठा हाती लागला. साठच्या दशकात मी सिल्वासाच्या कचेरीत टायपिस्ट होते, कोकणातून आलेली, मॅट्रिकपुरतं इंग्रजी येणारी. पोर्तुगीज गेल्यावर रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर मी एका जुन्या इंग्रजी कादंबरीतले शब्द उतरवून पाठ करायची. कादंबरी समुद्रावरची, त्यामुळे मला वादळासाठी सहा शब्द यायचे, रजेचा अर्ज मात्र धड जमायचा नाही. हेडक्लार्क हसायचे, "बाई, इथे जहाज कुठून येणार?" मग एका श्रावणात दमणगंगेला पूर आला, पलीकडची गावं तुटली. दिल्लीकडे मदत मागायची होती आणि 'खूप पाऊस पडला' यापुढे हेडक्लार्कांचं इंग्रजी पत्र सरकेना. मी कुणाला न विचारता टाइपरायटरपुढे बसले. साहेबांनी माझं पत्र वाचलं, एका शब्दाशी थांबून डिक्शनरी पाहिली आणि एकही अक्षर न खोडता सही केली. संध्याकाळी हेडक्लार्कांनी फॉर्मांचा अख्खा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या बाई, कागद कमी पडायला नको." तोच हा गठ्ठा. आत्ता पुन्हा चाळून पाहिला, एकाही फॉर्मची पाठ कोरी नाही.