नकाशातून काढलेली बाग

आईला नाही, ऑफिसात नाही, दोन पेग पोटात गेल्यावरही नाही — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी काही अबोल माणूस नाही बरं का. आमचा अख्खा छत्रीबाग मोहल्ला सांगेल, गणपतीत माईक माझ्याच हातात असतो. पण या गोष्टीपाशी आलो की मी विषयच बदलतो. आज सांगतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

आधी माझं काम सांगतो. इंदूरच्या एका संस्थेत मी बरीच वर्षं आहे. जे पुरुष पुरुषांकडे जातात त्यांच्यापर्यंत, किन्नरांपर्यंत एचआयव्हीची माहिती पोचवायची — कंडोम कसा वापरायचा, सोबत वंगणाचं जेल का लागतं, तपासणी कधी करायची. ही मंडळी काही दारावर पाटी लावून बसत नाहीत. कुठल्या बागेत, कुठल्या स्टँडच्या मागे भेटतात, ते आधी शोधावं लागतं. जागा कळली तर आमची माणसं जातात. नाही कळली तर कुणीच जात नाही.

आता दुसरं. मी पण — चला, लिहूनच टाकतो — मी पण त्यांतलाच आहे. ऑफिसात कुणालाही ठाऊक नाही. हसू येतंय ना? जिथे हे बोलायला सगळ्यांत सोपं, तिथेच मी गप्प! पिंकी म्हणून आमच्याकडे फील्डवर आहे, किन्नर आहे, भर बाजारात छाती पुढे काढून चालते. नव्या माणसांना ती माझी ओळख करून देते, "सर अपने में से नहीं हैं, फिर भी देखो कितना करते हैं।" आणि मी मान खाली घालून हसतो. किती नम्र! बदमाश साला.

पण सांगायची गोष्ट ही नव्हे. एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो. गप्प राहणं माझं माझ्यापुरतं होतं. मतलब, मला तसं वाटायचं.

दर वर्षी आम्ही शहराचा नकाशा करतो. जमिनीवर मोठा कागद अंथरायचा, स्केचपेननं रस्ते काढायचे, आणि फील्डची मंडळी एकेका जागेवर कपाळाची टिकली चिकटवतात. टिकली लागली म्हणजे तिथे जायचं. एका वर्षी पिंकीनं कापडाच्या दुकानांमागच्या जुन्या बागेवर टिकली लावली. त्याच बागेत मी स्वतः जायचो. मंगळवारी, दुपारी चारनंतर. तिथे माझं नाव अनिल होतं आणि मी इन्शुरन्समध्ये होतो. पिंकी तिथे पोचली तर?

मी म्हणालो, वहाँ अब कोई नहीं आता, चौकीदार बैठा दिया है. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. सर म्हणाले ना! टिकली काढली आणि स्वतःच्याच कपाळावर लावली. सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या प्रत्येक वर्षी मी त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून बसायचो, पण तिथे कुणी पुन्हा काही लावलं नाही.

त्या बागेत देवकरण यायचा. देवकरण म्हणू त्याला, नाव खरं नाही. इंदूरजवळच्या देपालपूरचा शिंपी, चाळिशीचा, घरी बायको. मंगळवारी कापड घ्यायला यायचा आणि परतीच्या बसआधी तासभर तिथे बसायचा. भला माणूस हो. पुडीत बांधलेली सेव आणायचा, निम्मी माझ्यापुढे करायचा. आमच्यात तसलं काही नव्हतं, नुसत्या गप्पा. इतरांबरोबर होतं, ते तो लपवत नसे. एकदा सेव खाता खाता त्यानं विचारलं, "अनिल भिया, ये एड्स-वेड्स आदमी-आदमी में भी होती है क्या? टीवी पे तो लुगाई वाली ही बताते हैं।" लुगाई म्हणजे बाई.

अहो, याच प्रश्नासाठी तर मला पगार मिळतो! माझ्या बॅगेत त्या वेळी कंडोमचं पाकीट होतं — आमच्याच संस्थेचं, मी स्वतःसाठी ठेवलेलं. दोन वाक्यं पुरली असती. होतो भिया, जास्तच सहज होतो. हे वापर आणि तपासून घे. पण मला वाटलं, इतकं नेमकं सांगितलं तर तो विचारेल, तुला कसं ठाऊक? मग ऑफिस निघेल, मग नाव निघेल.

मी म्हणालो, "अपने को क्या मालूम भिया।"

"हाँ, नहीं होती होगी," तो म्हणाला आणि पुडी पुढे केली. मी सेव खाल्ली.

एवढं तर इन्शुरन्सवालाही सांगू शकला असता, हे मला घरी जाताना सुचलं. मग पुढच्या मंगळवारी सांगायचं होतं ना? पुढच्या मंगळवारी मी गेलोच नाही. त्यानंतरही नाही. सांगायची लाज वाटली, की भीती — काय फरक पडतो?

दोनेक वर्षांनी सरकारी दवाखान्यानं देवकरणला आमच्याकडे पाठवलं. छातीत टीबी, डावा डोळा गेलेला, अंगावर शर्ट लोंबत होता. रिपोर्ट पॉझिटिव्ह. माझ्या टेबलासमोर बसला, त्या एका डोळ्यानं पाटीवरचं माझं खरं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. पिंकी बाजूलाच उभी होती. आता हा तोंड उघडणार, मेलो, असं मला वाटलं. बघा, त्या घडीलाही मला माझंच पडलं होतं! त्यानं हात जोडले. "नमस्ते सर," म्हणाला, जसं काही जन्मात पहिल्यांदा भेटतोय. त्यानं मला सांभाळून घेतलं.

बायकोची तपासणी झाली. तिलाही निघाला. दोघांच्या गोळ्या चालू आहेत. वेळेवर घेतल्या तर माणूस पुष्कळ जगतो, हे मीच त्यांना समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे. देवकरण पुन्हा मशीनवर बसतो, सुई त्याला ती ओवून देते.

गेल्या महिन्यात दोघं गोळ्या घेऊन ऑफिसात आले होते. तो बाहेर पाणी प्यायला गेला, तेव्हा त्याची बायको हळूच म्हणाली, "भाईसाब, इनको पहले कोई बताने वाला नहीं था क्या?" तक्रार नव्हती हो तिच्या आवाजात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "नहीं बेनजी। उस बगीचे में हमारे लोग नहीं जाते थे।"

तिनं मान हलवली आणि गोळ्यांची पिशवी उचलली. का जात नव्हते, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगितलं, तेही तुम्हाला. तिला नाही.